डांबावर बसून उंदीर खाणारी कापशी आणि तोंडातून साप लोंबणारा गरुड – फोटो कसे काढायचे?

शाळूवाला_कोरेगाव

नमस्कार मंडळी. कोरेगाव तालुक्यात आमचं रान आहे, थोडा ऊस आणि रब्बीला शाळू. दिवाळीत एक सेकंडहँड कॅमेरा आणि १५०-६०० लेन्स घेतलीय. चिमण्या, खंड्या, वेडा राघू झाले काढून, आता शिकारी पक्ष्यांचं वेड लागलंय, आणि नुसता बसलेला पक्षी नको, खाताना पाहिजे.

आमच्या बांधावर लाईटचा डांब आहे, त्यावर रोज संध्याकाळी एक पांढरा-राखाडी पक्षी येतो, खांद्यावर काळा पट्टा, डोळे लालभडक. कापशी आहे एवढं मला कळलं. पायात उंदीर धरून निवांत खात बसते, पण मी गाडी थांबवून कॅमेरा काढला की भुर्र. एक पण फोटो धड नाही, सगळे मागून उडालेले.

दुसरं म्हणजे पाहुण्यांकडं दहिवडीला गेलो होतो तेव्हा माळावर एक मोठा पक्षी बघितला. हवेत एकाच जागी पंख हलवत थांबला होता, मान खाली घालून, मग पाय सोडून हळूहळू खाली उतरला आणि वर आला तो तोंडातून साप लोंबतोय! अर्धा गिळलेला, शेपटी बाहेर वळवळतेय. हा कोण? घार तर नक्की नव्हती.

आणि एक विचारायचंय. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकजण म्हणतो की पाळीव प्राण्यांच्या दुकानातून पांढरा उंदीर आणायचा, पायाला दोरा बांधून बांधावर ठेवायचा, मग कापशी दहा फुटांवर येऊन बसते, मोबाईलवर पण फोटो येईल. हे करतात का लोक खरंच? मला बरं वाटलं नाही पण फोटो मात्र त्याचे एक नंबर आहेत.

सेटिंगचं पण सांगा, आकाशात उडणारे सगळे काळे येतात माझे.

माणदेशी_माळ

दहिवडीला बघितलात तो सापमार गरुड असणार दादा, शंभर टक्के. आमच्या माण-खटावच्या माळावर दिसतो. खालून पांढुरका, डोकं आणि छाती तपकिरी, लांबून बुरखा घातल्यागत दिसतं, डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि डोळे पिवळे. एवढ्या मोठ्या अंगाचा पक्षी असा हवेत एका जागी तरंगत थांबतो हे फार कमी बघायला मिळतं, बाकी हा धंदा खरुची आणि कापशी असल्या लहान मंडळींचा.

आता सापाचं. ह्याचं मुख्य खाणंच साप आहे, अधूनमधून सरडे. पायांवर पिसं नसतात, जाड खवले असतात त्यामुळं साप चावला तरी दात सहज आत जात नाहीत. पण विष चढतच नाही असं लोक सांगतात ते खरं नाही, रक्तात गेलं तर त्याला पण धोका आहे, म्हणून आधी डोकंच धरतो. गिळायची सुरुवात पण डोक्याकडनं, जनावर सरळ पोटात सरकत जातं आणि शेपटीचा टोक बाहेर राहतं. तुम्ही म्हणता तसं शेपटी लोंबकळत घेऊन निघाला असेल आणि हंगाम घरट्याचा असेल तर तो पिल्लाकडं निघालाय असं समजा. घरट्यावर गेला की पिल्लू ती शेपटी चोचीत धरून ओढतं आणि बापाच्या गळ्यातनं अख्खा साप बाहेर काढतं. घरट्यात एकच पिल्लू असतं त्यामुळं वाटणीचं भांडण नाही.

कास-बामणोली, कोयनेच्या जंगलाकडं जो सापखाऊ गरुड दिसतो तो वेगळा बरं का, तो तुरेवाला सर्पगरुड. तो असा हवेत लटकत नाही, झाडाच्या फांदीवर तासन् तास बसून खाली बघत राहतो, उडताना पंखाखाली काळा-पांढरा रुंद पट्टा दिसतो आणि वर गोल फिरताना लांब शिट्टी मारतो. पावसाळ्यात ओढ्याकाठी खेकडे आणि बेडूक पण खातो. लोक दोघांना सर्रास एकच नाव देतात आणि मग फोटोखाली भांडत बसतात.

लेन्सवाले_मास्तर

फोटोचं मी सांगतो.

पहिलं, गाडी थांबवून उतरायचं बंद करा. पक्ष्याला गाडीची भीती नसते, गाडीतून उतरणाऱ्या दोन पायांची असते. चारचाकी असेल तर लांबूनच वेग कमी करत या, डांबाच्या थोडं अलीकडं इंजिन बंद करून गाडी आपोआप पुढं सरकू द्या, काच आधीच खाली केलेली हवी, दारावर एखादी पोती किंवा उशी टाकून लेन्स टेकवा. दुचाकीच असेल तर ती लांब लावा आणि कापशी यायच्या आधी तासभर उसाच्या कडेला बसून राहा, वर गोणपाट घ्या. तुमचं स्वतःचं रान आहे म्हणजे तुमच्यासारखा नशीबवान कोणी नाही, आम्हाला दुसऱ्याच्या बांधावर बसलं की आधी "काय ओ, काय मोजताय?" ह्याचं उत्तर द्यावं लागतं.

कापशीचा ठरलेला डांब असतो. शिकार कुठंही करेल पण खायला बहुतेक त्याच एक-दोन जागी येते. डांबाखाली बघा, पांढरी शिट, केसांच्या गोळ्या, कधी उंदराची शेपटी पडलेली मिळेल. तसं मिळालं की समजा तिथं पंगत बसते. मग त्या डांबाच्या मागं काय दिसतंय ते बघून तुमची जागा ठरवा, मागं दुसरी तार, टॉवर, पत्र्याचं शेड येत असेल तर चार पावलं इकडं तिकडं.

आता ती खाते कशी हे नीट बघून ठेवा, म्हणजे बटण कधी दाबायचं ते कळतं. उंदीर एका पायाखाली आडव्या लोखंडी पट्टीवर दाबून धरते आणि डोक्याकडनं सुरुवात करते. मान खाली, एक हिसका, मान वर, आजूबाजूला बघणार, परत खाली. मान वर येते तेव्हा चोचीत मांसाचा तुकडा आणि लाल डोळा दोन्ही एकदम मिळतात, तो क्षण पकडायचा. खाली वाकलेली असताना काढलेले सगळे फोटो फेकून द्यायच्या लायकीचे निघतात. लहान पिटुकला उंदीर असला तर अख्खा गिळते आणि तुम्हाला काही मिळत नाही. शेवटी चोच पट्टीवर दोन्ही बाजूंनी घासते आणि शेपटी वरखाली हलवत बसते, ती शेपटी हलवायची सवय कापशीची खास. गळ्याखाली फुगवटा दिसला की पोट भरलंय, आता ती लगेच कुठं जात नाही, तेव्हा तुम्ही हळूच जागा बदलू शकता.

पक्षी वाऱ्याकडं तोंड करून बसतो आणि वाऱ्याकडं तोंड ठेवूनच झेप घेतो. म्हणजे वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील तर पक्षी तुमच्याकडं तोंड करून उडणार. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असला की सकाळची वेळ म्हणूनच भारी, संध्याकाळी तोच वारा उलटा पडतो आणि तुम्हाला सारखी शेपटी मिळते. तुमचे सगळे फोटो मागून का येतायत त्याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

सेटिंग: शटरचा वेग बसलेल्याला १/८०० सेकंद पुष्कळ, उडताना १/२००० च्या खाली जाऊ नका, झेप घेताना १/३२०० मिळालं तर बघा. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, ऑटोवर सोडा, फोटोत दाणे आले तरी चालतात, हललेलं चालत नाही. उडणारे काळे येतात कारण कॅमेरा उजळ आकाश बघून सगळं अंधारात टाकतो, एक्सपोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, प्लस एक किंवा थोडं जास्त करा. पण तीच कापशी हिरव्यागार उसासमोर बसली असेल तर उलटं, मायनस करा नाहीतर पिसं नुसती पांढरीफटक येतात. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे पक्षी हलला तरी फोकस त्याच्या मागं जातो. आणि दहानंतर लांबचे फोटो काढायचा नाद सोडा, जमिनीतनं वाफ उठते, सहाशेच्या लेन्समधनं सगळं पाण्यातल्यासारखं थरथरतं, मग लोक लेन्सला शिव्या घालतात.

कृष्णाकाठ_सांगली

मास्तरांनी भारी सांगितलं. आमच्याकडं पलूस-वाळवा बाजूला ऊसतोड सुरू झाली की मजा बघा. फडाचा शेवटचा पट्टा राहतो ना तेव्हा सगळे उंदीर त्यात गोळा झालेले असतात, तोडकरी कोयता चालवतात आणि उंदीर भराभर बाहेर. बगळे, घारी, कापशी, शिक्रा सगळे हजर. माणसं आणि बैलगाड्या एवढ्या असतात की पक्षी बिचकत नाहीत, तुम्ही त्या गर्दीतलेच एक. फक्त तोडकऱ्यांना आधी विचारा, त्यांच्या कोपीचे, बायका-पोरांचे फोटो काढत फिरू नका, आणि त्यांच्या कामात आडवं जाऊ नका.

शिक्रा खाताना बघायचा असेल तर मन घट्ट करा. तो नखांनी दाबून धरतो आणि चिमणी असो का सरडा, जिवंत असतानाच पिसं उपटायला सुरू करतो. ससाण्याचं तसं नाही, त्याच्या वरच्या चोचीला बाजूला एक दातासारखं टोक असतं, त्यानं मानेचा मणका तोडतो आणि मग निवांत बसतो. ह्या एका गोष्टीवरनं फोटोत पण ओळख पटते, चोचीचा जवळचा फोटो असेल तर ते टोक दिसतं. बहिरी ससाणा कबुतर सोलायला बसला की वाऱ्याबरोबर पिसं उडत राहतात, तो फोटो उलट्या उजेडात काढा, पिसं चमकतात, तिथं मास्तरांचा सूर्य पाठीशीचा नियम मोडला तरी चालतो.

राहिली दोऱ्याला बांधलेल्या उंदराची गोष्ट. व्हय, करतात लोक. मला विचाराल तर मेलेला उंदीर टाकला तर काय बिघडतं, शेतात आपण मारतोच की, गावात घारींना मटणाचे तुकडे टाकतातच. जिवंत बांधणं तेवढं नको.

माणदेशी_माळ

नाही हो कृष्णाकाठ, मेलेला तर अजिबातच नको. शेतात मेलेला उंदीर बहुतेक कशानं मेलाय? औषधानं. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस पेंगत फिरतो, विष अंगात तसंच असतं आणि असा सुस्त उंदीर कापशीला, घुबडाला सगळ्यात सोपा. असे उंदीर खाल्ले की पक्ष्याला पण आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. तुम्ही प्रेमानं टाकणार आणि तेच त्याच्या जिवावर येणार.

आणि कायद्याचं म्हणाल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्यप्राण्याला आमिष दाखवणं बसतं. फोटोसाठी केलं म्हणून सूट नाही. तो ग्रुपवाला भाऊ फोटो टाकतोय म्हणजे स्वतःच पुरावा टाकतोय.

फोटो एक नंबर म्हणताय ते पण जरा नीट बघा. पक्षी जमिनीवर, पाठीमागं सगळं सपाट धूसर, कॅमेरा जमिनीला टेकलेला, पक्ष्याची नजर बरोबर लेन्सच्या खाली आणि उंदीर पांढराशुभ्र. माझ्या रानात तर पांढरा उंदीर कधी जन्मला नाही. स्पर्धांमध्ये परीक्षक असले फोटो पहिल्या फेरीतच बाजूला काढतात.

लेन्सवाले_मास्तर

आमिषापेक्षा सोपा आणि सरळ मार्ग शाळूवाल्यांकडं आधीच आहे. पक्षी थांबे! हरभऱ्यात घाटेअळीसाठी कृषी खात्याचे लोक सांगतात ना, इंग्रजी टी सारखी काठी रोवायची, त्यावर कोतवाल, साळुंकी बसून अळ्या खातात. तेच जरा उंच करा, दहा-बारा फुटांचा बांबू, वर हाताच्या मनगटाएवढं आडवं वाळकं लाकूड, साल असलेलं. शाळूच्या कडेला रोवा जिथं उंदरांची बिळं आहेत. दिवसा कापशी आणि रात्री गव्हाणी घुबड. तुमचे उंदीर कमी होणार, औषधाचा खर्च वाचणार आणि फोटोत लोखंडी पट्टी, चिनीमातीचे कप न येता सुंदर फांदी येणार. पाठीमागचा भाग आणि उजेड बघून जागा तुम्हीच ठरवायची. ह्यात पक्ष्याला फसवलं काहीच नाही, बसायचं का नाही ती ठरवणार, उंदीर ती स्वतः धरणार.

एक मात्र बघा, उंदीर पकडून कापशी तिथं न खाता तशीच घेऊन सरळ एका दिशेनं गेली, किंवा दुसरी कापशी समोरनं आली आणि हवेतच उंदीर घेतला, तर घरटं चालू आहे. नर आणतो, मादी घेते. त्यांच्या मागं बाभळीपर्यंत जाऊ नका. तुम्ही खाली उभे राहिलात तर मादी उठते आणि वर कावळा टपलेलाच असतो, अंडी त्याची.

पठारवासी

उशिरा येतोय. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर कुणी जाणार असेल तर एक सांगतो. तिथं पवनचक्क्यांमुळं काय झालंय ह्यावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या लोकांनी अभ्यास केला होता, २०१८ मध्ये छापून आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी आणि त्यांचे हल्ले बाकी पठाराच्या मानानं साधारण चौपट कमी मिळाले. मग गंमत अशी की तिथले सरडे वाढले. गळ्याला निळा-काळा-केशरी पंखा असतो तो सरडा, उन्हाळ्यात दगडावर चढून फुगवून दाखवतो. वरनं कोणी झडप घालत नाही म्हणून ते सरडे माणूस अगदी जवळ जाईपर्यंत पळत नाहीत, अंगातलं ताणाचं संप्रेरक कमी, आणि गर्दी वाढून खाण्यावरनं चढाओढ झाल्यामुळं नरांच्या गळ्याचा रंग पण फिका. म्हणजे पक्षी सरडा खातो एवढंच आपण बघतो, पक्षी गेला तर सरड्याचा रंग बदलतो हे कुणाच्या डोक्यात पण येणार नाही.

फोटोवाल्यांसाठी अर्थ सरळ आहे. सरडे पाहिजेत तर पात्यांखाली जा. तिसा, कापशी सरड्यावर उतरताना पाहिजे असेल तर पवनचक्क्या नसलेल्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, बसा. तिसा ओळखायला सोपा, डोळा पांढरा, गळ्यावर उभी काळी रेघ, खुजा दगड किंवा झुडूप बघून बसतो आणि तिथनं खाली उतरतो, हवेत कसरती करत नाही. गाडी रस्त्यावरच ठेवा, सड्यावर घालू नका, टायरखाली काय काय जातं ते दिसत पण नाही.

शाळूवाला_कोरेगाव

सगळ्यांचे आभार, एवढं सांगाल असं वाटलं नव्हतं. त्या ग्रुपवाल्याला कायद्याचं सांगितलं तर म्हणतो "लय शहाणा झालास". असो.

आज डांबाखाली जाऊन बघितलं. दोन प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. एक लहान, राखाडी, नुसता केसांचा गोळा, दाबला की भुगा, हाडं अशी नीट नाहीत. दुसरी अंगठ्याएवढी जाड, काळपट, वर चकाकी आणि त्यातनं एक छोटी कवटी डोकावतेय, दातासकट! दोन्ही कापशीच्याच का? आणि ही शिट आहे का उलटी? पोरगी सहावीला आहे, तिला शाळेत न्यायचीय म्हणते.

माणदेशी_माळ

शिट नाही, उलटीच म्हणा. केस, हाडं, पिसं, किड्यांची कवचं असलं न पचणारं पोटात गोळा होतं आणि तोंडावाटे बाहेर टाकतात. दिवसा शिकार करणाऱ्यांच्या पोटातलं आम्ल जास्त तिखट असतं, बरीच हाडं विरघळतात, शिवाय तुकडे तोडून खातात म्हणून आत अख्खं काही मिळत नाही. राखाडी गोळी कापशीची. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि त्याचं आम्ल सौम्य, त्यामुळं सगळा सांगाडा गोळीत शाबूत येतो. काळी चकाकणारी गव्हाणी घुबडाची असणार. म्हणजे तुमच्या डांबावर दोन पाळ्या चालू आहेत, औषध टाकायचं आता तरी थांबवा.

पोरीला द्या की, पण आधी हातमोजे आणि नंतर साबणानं हात. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवा, दाभणानं केस सोडवा, हाडं कागदावर वाळत घाला. कवटीला पुढं दोन लांब पिवळे वाकडे दात आणि त्यांच्या मागं मोकळी जागा असेल तर उंदीर. कवटी लांबट निमुळती आणि बारीक टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंद्री. नाकतोड्याचे पाय पण निघतात कधीकधी.

लेन्सवाले_मास्तर

आणि कवटीचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, मिलिमीटरची बाजू वर करून. मग इथं टाका, कुठला उंदीर ते बघू.